‘प्रौढ’ म्हणजे काय, ‘भ्रूण’ म्हणजे कोणता? मूळपेशींच्या वादाची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांत मूळपेशींचा (स्टेम सेल, म्हणजे शरीराच्या इतर पेशी घडवू शकणाऱ्या पेशींचा) विषय निघतो तो बहुधा बाळंतपण जवळ आल्यावर. नाळेतले रक्त जपून ठेवायचे का? संमतिपत्र कन्नडात किंवा इंग्रजीत, घरातली चर्चा मराठीत, आणि गोंधळ पहिल्या शब्दापासूनच. नाळेतल्या पेशी ‘प्रौढ’ गटात मोडतात. कालच जन्मलेल्या बाळाच्या पेशी प्रौढ कशा?

इथे प्रौढ म्हणजे वयाने मोठा नव्हे. ज्या पेशींचे काम ठरून गेले आहे त्या प्रौढ. अस्थिमज्जेतली किंवा नाळरक्तातली मूळपेशी रक्ताच्या सगळ्या पेशी घडवते, पण मेंदूची पेशी घडवत नाही. ‘कायिक’ हा शब्द जास्त नेमका. तो रुळला नाही. भ्रूणीय मूळपेशी येतात फलनानंतर ५-६ दिवसांच्या, शे-दोनशे पेशींच्या गोळ्यातून. त्याच्या आतल्या पुंजक्यातून शरीराची कोणतीही ऊती बनू शकते. हा गोळा वंध्यत्व उपचारात काचेच्या बशीत वाढलेला आणि वापराविना उरलेला असतो. गर्भाशयात तो कधी गेलेलाच नसतो. पण आपल्याकडे ‘भ्रूण’ हा शब्द डोक्यात बसला तो स्त्रीभ्रूणहत्येच्या फलकांवरून, मराठीत आणि कन्नडातही. त्यामुळे ‘भ्रूणीय’ वाचले की गर्भपातच आठवतो. गर्भपातातून मिळणाऱ्या पेशी हा वेगळा, तिसरा स्रोत आहे.

मज्जारोपण १९६० च्या दशकाच्या अखेरीस यशस्वी होऊ लागले, मुंबईत पहिले १९८३ मध्ये झाले, नाळरक्ताचे पहिले रोपण १९८८ मध्ये पॅरिसला. हे सगळे फारशा नैतिक वादाविना पार पडले. वाद पेटला १९९८ मध्ये मानवी भ्रूणीय पेशी प्रयोगशाळेत वाढवता आल्यावर, कारण त्या मिळवायला भ्रूण मोडावा लागतो. २००१ मध्ये अमेरिकेने सरकारी पैसा फक्त आधीच तयार असलेल्या पेशीमालिकांपुरता (एका भ्रूणातून घेऊन प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशींपुरता) ठेवला आणि त्यांची यादी केली. त्या यादीतल्या साठहून अधिक मालिकांपैकी ३ बंगळुरातल्या आणि ७ मुंबईतल्या होत्या. प्रत्यक्ष कामाला आल्या त्या सगळ्या मिळून वीसेक. सुरुवातीच्या मालिका उंदराच्या पेशींच्या थरावर वाढवलेल्या, म्हणून रुग्णाला देण्याच्या दृष्टीने त्या संशयास्पदच होत्या. शिवाय अशा पेशी पूर्ण रूपांतर न होता शरीरात गेल्या तर तिथे गाठ वाढू शकते. २००६-०७ मध्ये साध्या त्वचापेशीत ४ जनुके घालून तिला भ्रूणीय पेशीसारखी करता आली आणि वादाची धार बोथट झाली.

आपल्याकडे मात्र खरे नुकसान वादग्रस्त बाजूने झाले नाही. ते ‘निर्दोष’ बाजूने आले. प्रौढ पेशींत भ्रूण मोडावा लागत नाही, एवढाच त्यांचा नैतिक फायदा. ‘नैतिक अडचण नाही’ याचा अर्थ हळूहळू ‘सिद्ध झालेला उपचार’ असा लावला गेला. पोटाची चरबी किंवा मज्जा काढायची, पेशी वेगळ्या करायच्या, पाठीच्या कण्यात किंवा शिरेत टोचायच्या. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मधुमेह, सगळ्यांवर हेच. मूळपेशींविषयीच्या २००७ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांच्या शीर्षकातच ‘संशोधन आणि उपचार’ असे होते. २०१३ च्या आवृत्तीतून ‘उपचार’ हा शब्द काढला. रक्ताच्या ठरलेल्या आजारांतले मज्जा किंवा नाळरक्ताचे रोपण वगळता बाकी सगळे संशोधन मानायचे, म्हणजे ते चाचणी म्हणूनच करायचे आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत. काही डॉक्टरांना हा रुग्णाच्या निवडीवरचा घाला वाटला. माझ्या मते तो शब्द २००७ मध्येच यायला नको होता. पण सूचना म्हणजे कायदा नव्हे. २०१९ च्या नियमांनी मूळपेशींपासून केलेले उत्पादन ‘नवे औषध’ ठरवले, तरी ज्या पेशींवर फारशी प्रक्रियाच केलेली नाही त्यांचे काय, हा तंटा उरलाच.

नाळरक्ताचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. रोपणाला रुग्णाच्या दर किलो वजनामागे साधारण अडीच कोटी केंद्रकयुक्त पेशी लागतात. ६० किलोच्या माणसाला १५० कोटी. ८०-१०० मिलिलिटरच्या चांगल्या पिशवीतही बऱ्याचदा तेवढ्या भरत नाहीत, म्हणून मोठ्यांसाठी दोन पिशव्या वापरायची पद्धत निघाली. नाळ १ ते ३ मिनिटे थांबून बांधली तर बाळाला लोह मिळते, पण पिशवीत रक्त कमी येते. थांबणे बाळाच्या हिताचे. थॅलेसेमियासारखा जनुकीय आजार असेल तर बाळाच्या स्वतःच्या नाळेत तोच दोष असतो. म्हणूनच २०१७ च्या सूचनांनी स्वतःपुरते नाळरक्त साठवण्याला शास्त्रीय आधार नाही असे म्हटले, आणि नाळेची ऊती, वार, दाताचा गर साठवायला तर परवानगीच दिली नाही. त्याच आजाराने ग्रासलेले भावंड घरात असेल तर गोष्ट वेगळी. सख्ख्या भावंडाचा ऊतिप्रकार पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते.

भ्रूणाचा प्रश्नही आता घराजवळ आला आहे. वंध्यत्व उपचारांविषयीच्या २०२१ च्या कायद्याने गोठवलेले भ्रूण १० वर्षांपर्यंतच ठेवता येतात. पुढे ते नष्ट होऊ द्यायचे की, जोडप्याच्या संमतीने, नोंदणीकृत संशोधन संस्थेला द्यायचे, हे ठरवावे लागते. संशोधनातही ते १४ दिवसांपलीकडे वाढवता येत नाहीत. हे कलम ज्या भाषेत जोडप्याला कळेल त्या भाषेत ते वाचून दाखवा, असे सही करण्याआधी मागता येते.