विकसन परिवेशातील प्रोसेसर-भार

विकसन परिवेशातील प्रोसेसर-भार : संहितेचा (प्रोग्रामच्या मजकुराचा) संपादक, तिचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा संकलक, दोषशोधक आणि त्यांना जोडलेली पूरक साधने मिळून प्रोसेसरचा जो वेळ घेतात तो. ‘आयडीई (एकात्मिक विकसन परिवेश) सीपीयू (प्रोसेसर) खातो’ ही नेहमीची तक्रार बहुधा एकही अक्षर टाइप न करता पंखा घुमू लागतो तेव्हाची असते. संकलन चालू असताना प्रोसेसरचे सर्व गाभे (कोअर) भरलेले असणे हा दोष नव्हे. समांतर संकलनाचा हेतूच तो आहे. येथे विचार आहे तो रिकाम्या वेळच्या भाराचा.

या भाराचा आरंभ कोठे धरावा हे ‘पहिला एकात्मिक परिवेश कोणता’ या वादाशी निगडित आहे. काही जण डार्टमथ बेसिक (१९६४) पुढे करतात, तर काही म्युनिकच्या सॉफ्टलॅबने केलेल्या माएस्ट्रो १ (१९७५) ला तो मान देतात. टर्बो पास्कलमुळे (१९८३) अशा परिवेशाचा मोठा प्रसार झाला. पण त्यात आज्ञा दिल्याशिवाय संकलन होत नसे. त्यामुळे आजच्या अर्थाचा भार पार्श्वभूमीला संहितेचे पृथक्करण करत राहणाऱ्या परिवेशांपासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते. ही रीत बहुधा १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात रुजली. २००१ मधील एक्लिप्समध्ये फाइल जतन होताच बदललेल्या भागाचे संकलन आपोआप होई.

मापनात फसगत होते. लिनक्सवरील ‘टॉप’ हे भार दाखवणारे साधन सामान्यतः एक गाभा म्हणजे १०० टक्के धरते. विंडोजचा टास्क मॅनेजर सर्व गाभे मिळून १०० धरतो. आठ तार्किक गाभ्यांच्या यंत्रावर एकच थ्रेड (प्रक्रियेतील कामाचा एक धागा) अनंत चक्रात अडकला, तर पहिल्यात १०० आणि दुसऱ्यात सुमारे १२.५ दिसतात. दुसरा आकडा निरुपद्रवी वाटतो, म्हणून दोष दिवसेंदिवस लपून राहतो. लोड ॲव्हरेज (चालू असलेल्या वा प्रोसेसरची वाट पाहणाऱ्या प्रक्रियांची सरासरी संख्या) हे माप याहून निराळे. ते १९७३ मध्ये टेनेक्स या कार्यप्रणालीवर वापरात होते. लिनक्समध्ये डिस्कची वाट पाहत अडकलेल्या प्रक्रियाही त्यात मोजल्या जातात.

रिकाम्या वेळच्या भाराच्या कारणांमध्ये बदल टिपण्यासाठी फाइलींवर ठेवलेली पाळत प्रमुख आहे. लिनक्स २.६.१३ मध्ये (२००५) आयनोटिफाय ही सुविधा आल्यापासून बदलाची सूचना कर्नलच (कार्यप्रणालीचा मध्यवर्ती भाग) देतो. नेटवर्कवरील फोल्डरांत अशी सूचना अनेकदा पोहोचत नाही. मग साधन ठरावीक अंतराने हजारो फाइली पुनःपुन्हा तपासते. जावावर चालणाऱ्या परिवेशात हीप (प्रोग्रामला वापरायला मिळालेली स्मृती) भरत आली की कचरा-संकलन (वापरात नसलेली स्मृती मोकळी करणे) अखंड चालते. ९८ टक्क्यांहून अधिक वेळ त्यात जाऊन २ टक्क्यांहून कमी हीप मोकळी होत राहिली, तर पॅरलल कलेक्टर हा जावातील एक कचरा-संकलक काम थांबवून त्रुटी देतो.

क्षुल्लक कारणही पुरते. २०१७ मध्ये व्हिज्युअल स्टुडिओ कोड हा संपादक रिकामा असताना १३ टक्के भार नोंदला गेला. कर्सर दर अर्ध्या सेकंदाला दिसे वा लपे. पण ज्या सीएसएस (वेबपानाचे रूप ठरवणारी भाषा) ॲनिमेशनने हे साधले होते, ते क्रोमियम (संपादक ज्यावर उभा आहे तो ब्राउझर) सेकंदाला ६० वेळा रंगवीत होते.

२०१६ मध्ये जाहीर झालेल्या लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉलनंतर (संपादक आणि भाषेचे पृथक्करण करणारे साधन यांतील संवादाची पद्धत) पृथक्करण बऱ्याचदा वेगळ्या प्रक्रियेत चालते, त्यामुळे भार संपादकाच्या नावावर दिसेलच असे नाही. निदानासाठी काही सेकंदांच्या अंतराने तीन-चार थ्रेड डंप (त्या क्षणी प्रत्येक थ्रेड कोणते फंक्शन चालवत आहे याची नोंद) घेतात. प्रत्येकात जे फंक्शन सापडते, तेथून शोध सुरू होतो. अवलंबित्वांचे (प्रकल्पाला लागणाऱ्या बाहेरच्या संहितेचे) आणि संकलित फाइलींचे फोल्डर पाळतीतून वगळणे हा रूढ उपाय आहे.