एसटीपीच्या पाण्याची लाइन टाकताय? ऑर्डर देण्याआधी हे वाचा

(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक : कंत्राटदार, कारखानदार आणि गृहनिर्माण संस्था)

नागपूरच्या पूर्वेला भांडेवाडीतल्या एसटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात, शहराचे सांडपाणी शुद्ध होते आणि तिथून पाइपलाइनने उत्तरेकडे कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला जाते. या योजनेची क्षमता १३० एमएलडी, म्हणजे दिवसाला १३ कोटी लिटर. कोराडीतल्या ६६० मेगावॅटच्या तीन संचांना थंड ठेवायला लागणारे पाणी एरवी पेंच धरणातून, म्हणजे नागपूरकरांच्या पिण्याच्या वाट्यातूनच द्यावे लागले असते. २०१६ च्या वीजदर धोरणात केंद्र सरकारने, महापालिकेच्या एसटीपीपासून ५० किलोमीटरच्या आत असलेल्या औष्णिक केंद्रांनी तिथले शुद्ध केलेले पाणीच वापरावे, असे बंधन घातले. त्यामुळे अशा लाइनची कामे आता इतर शहरांतही निघतात, आणि आमच्याकडे चौकशा येतात.

भांडेवाडीची लाइन आमची नव्हे. आम्ही लहान पुरवठादार आहोत : डीआय (डक्टाइल लोखंडाचे) आणि एचडीपीई (प्लास्टिकचे) पाइप, फिटिंग, व्हॉल्व्ह, रबर रिंग. पण बहुतेक चौकशा एकाच वाक्याच्या असतात : “६०० चा डीआय, मीटरला काय रेट?” पुनर्वापराच्या पाण्यासाठी एवढ्यावर रेट देणे म्हणजे तुमची आणि आमची दोघांची फसवणूक. पाइप तोच दिसतो, पण आतले पाणी वेगळे असते आणि चूक झाली तर ती पिण्याच्या पाण्यापर्यंत पोचू शकते.

आधी पाणी कुठल्या टप्प्याचे, ते सांगा

कच्चे सांडपाणी पंपाने ढकलणारी लाइन आणि शुद्ध झालेले पाणी नेणारी लाइन यांत मोठा फरक आहे. कच्च्या सांडपाण्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो, त्याचे पाइपच्या वरच्या बाजूला गंधकाम्ल होते आणि साध्या सिमेंटचे अस्तर पोखरले जाते. तिथे हाय ॲल्युमिना सिमेंटचे अस्तर मागा. तृतीय स्तरापर्यंत, म्हणजे नेहमीच्या प्रक्रियेनंतर आणखी एकदा, शुद्ध केलेल्या पाण्याला सहसा नेहमीचे सिमेंट अस्तर पुरते. मात्र लाइनच्या चढावर हवा अडकली तर तिथला पाइप पूर्ण भरत नाही आणि पाणी कुजके झाले की त्याच जागी अस्तर जाते. उंच जागांवर हवा सोडणारे एअर व्हॉल्व्ह आणि खोलगट जागांवर साचलेला गाळ काढणारे स्कावर व्हॉल्व्ह लावायचे ते यासाठी. खर्च कापताना पहिली कात्री नेमकी यांच्यावरच चालते.

आरओ केलेल्या, म्हणजे पडद्यातून गाळून क्षार काढलेल्या, पाण्याची गोष्ट उलटी. ते इतके ‘भुकेले’ असते की सिमेंटमधला चुनाच ओढून घेते. कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत २००८ पासून चाललेल्या पुनर्वापर प्रकल्पात शुद्ध झालेल्या पाण्यात मुद्दाम चुना मिसळून मगच ते पाइपमध्ये सोडतात. तुमच्या प्लँटमध्ये आरओ असेल आणि पुढे चुना देण्याची सोय नसेल, तर डीआयऐवजी एचडीपीईचा विचार करा, असे आम्ही सांगू. आमचा नफा डीआयमध्ये जास्त आहे, तरीही.

जाडी आणि दाब

डीआय पाइप आयएस ८३२९ या भारतीय मानकाप्रमाणे येतो. त्यात के-७, के-९ हे जाडीचे वर्ग. ६०० मिमीच्या के-९ पाइपची जाडी ९.९ मिमी, के-७ ची ७.७ मिमी. के-७ स्वस्त पडतो आणि बऱ्याच ठिकाणी चालतो. पण पंप अचानक बंद पडला तर काय होते, याचा हिशेब पाहिल्याशिवाय तो ठरवू नका. वाहत्या पाण्याचा वेग सेकंदाला एक मीटरने एकदम बदलला, तर अशा लाइनमध्ये सुमारे १०० मीटर उंचीइतका, म्हणजे १० बारच्या आसपास, जादा दाब उसळतो. वीज रोज जाते अशा भागात ही कागदावरची भीती नाही.

आता थ्रस्ट ब्लॉक, म्हणजे पाण्याचा रेटा पेलणारा काँक्रीटचा ठोकळा. ६०० मिमीच्या लाइनमध्ये १० बार दाब असेल, तर बंद टोकावर सुमारे ३२ टन रेटा बसतो. ९० अंशांच्या बेंडवर (वळणावर) तोच ४५ टन होतो. रबर रिंगचा जोड पाणी अडवतो, ओढ अडवत नाही. बेंडमागे काँक्रीटचा ब्लॉक नसेल किंवा काँक्रीट पुरेसे घट्ट व्हायच्या आत टेस्टिंगचा दाब चढवला, तर स्पिगॉट (पाइपचे साधे टोक) सॉकेटमधून (पुढच्या पाइपच्या रुंद तोंडातून) सरकून बाहेर येतो. त्यानंतर पाइप खराब निघाला म्हणून आम्हाला फोन येतो.

काळी माती

विदर्भातली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यातली ओल व क्षार लोखंडाला मानवत नाहीत. पाइपवर कारखान्यात झिंकचा थर आणि त्यावर बिटुमेन असतोच. अशा जमिनीत वरून पॉलिथिनची स्लीव्ह चढवून घ्या. खाली मुरूम किंवा वाळूचा बिछाना द्या, खोदलेली काळी ढेकळे पाइपवर परत टाकू नका. जेसीबीवाल्याला घाई असते, तुम्हाला नसावी.

६०० मिमीचा एक पाइप ५.५ मीटर लांब आणि साधारण टनभर वजनाचा. तो साखळीने नाही, पट्ट्याने उचला. रबर रिंगा उन्हात ठेवू नका. त्या साइटवर मिळेल तिथे नाही, गोदामात सावलीत राहू द्या. जोड करताना साबणाची पेस्ट लावा. ग्रीस किंवा डिझेल लावले तर रबर फुगते आणि रिंग काही महिन्यांत ढिली पडते. पाण्यात तेल येण्याची शक्यता असेल, कारखान्यांत असतेच, तर नायट्राइल रबरची रिंग मागा, हे ऑर्डर देतानाच सांगा. स्पिगॉटवर दोन पांढऱ्या रेषा असतात. पहिली सॉकेटमध्ये लपली आणि दुसरी बाहेर दिसली, की जोड बरोबर बसला. कापलेल्या पाइपचे टोक घासून गोलाई न देता आत ढकलले, तर रिंग जागेवरून सरकते आणि गळती टेस्टिंगमध्येच दिसते.

एचडीपीई घेत असाल तर एवढे ध्यानात ठेवा : उन्हात तापलेली शंभर मीटर लाइन २० अंशांनी थंड झाली की फूटभर आखडते. शेवटचा जोड दुपारी करू नका, सकाळी करा.

रंग आणि पाटी

पुनर्वापराच्या पाण्याच्या पाइपला जांभळा रंग द्यायची पद्धत कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइन रँच वॉटर डिस्ट्रिक्टपासून सुरू झाली आणि आता ती जगभर ओळखीची आहे. आमच्याकडे जांभळी स्लीव्ह आणि ‘पिण्यास अयोग्य’ लिहिलेली पट्टी मिळते. संस्थांच्या आवारात ती नक्की वापरा. बागेची लाइन आणि पिण्याच्या टाकीची लाइन पुढे प्लंबर बदलल्यावर कुणी ओळखायची? दोन लाइन शेजारी टाकायच्या असतील तर जितके अंतर शक्य तितके ठेवा, आणि पिण्याची वरच्या बाजूला. त्या दोघींमध्ये व्हॉल्व्ह बसवून ‘गरज पडली तर उघडू’ अशी सोय तर करूच नका. चुकून किंवा आळसाने तो उघडला, तर आजारी पडतात ते संस्थेतले रहिवासी.

आम्हाला काय पाठवावे

पाण्याचा टप्पा आणि त्याचा ताजा प्रयोगशाळा अहवाल, रोजचे पाणी, लाइनची लांबी, चढउताराचा नकाशा, पंपाची माहिती आणि मातीचा प्रकार. नकाशा नसेल तर सुरुवातीची, शेवटची आणि सर्वांत उंच जागा यांची पातळी कळवली तरी कामाला सुरुवात होते. कोटेशन पाइप, जोड, फिटिंग आणि व्हॉल्व्ह यांचे वेगवेगळे देऊ, म्हणजे दुसऱ्या पुरवठादाराशी तुलना करता येईल. आयएस मार्क आणि कारखान्याचे टेस्ट सर्टिफिकेट मालासोबत येईल. माल उतरल्यावर प्रत्येक पाइपवरचा क्रमांक सर्टिफिकेटशी जुळवून मगच चलनावर सही करा. थर्ड पार्टी तपासणी हवी असेल तर कारखान्यातून माल निघण्याआधी सांगा. साइटवर पोचल्यावर ती महाग पडते.