क्लच दाबला की किरकिर: आवाज नेमका कुठून येतो?

जुन्या मारुती 800 चा किंवा अल्टोचा क्लच दाबताना कुईकुई वाजू लागला की ‘प्लेट गेली’ असं चटकन सांगितलं जातं. बहुतेक वेळा प्लेटचा यात काही संबंध नसतो. म्हणून गिअरबॉक्स उतरवायला होकार देण्याआधी इंजिन बंद ठेवून पेडल हळूहळू दाबून बघा. तरीही आवाज आला तर दोष बहुधा पेडल, केबल किंवा फोर्क (केबलच्या ओढीने हलून क्लच सोडवणारा दांडा) यांपैकी एकात आहे.

कोरडे भाग एकमेकांवर सरकताना आधी चिकटतात, ताण वाढला की निसटतात, पुन्हा चिकटतात. सेकंदाला शेकडो वेळा हे घडलं की किरकिर ऐकू येते. झोपाळ्याच्या कड्या वाजतात त्या याच कारणाने. मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, उन्हात उभ्या गाडीतलं ग्रीस पातळ होऊन ओघळतं, उरलेल्यात रस्त्याची धूळ मिसळते आणि त्याचा खरखरीत लगदा होतो.

आता केबलचं टोक पेडलच्या हुकातून सोडवा आणि पेडल हाताने हलवा. तरीही वाजत असेल तर पेडलच्या पिनवरचं प्लास्टिकचं बुश (पिनभोवती बसणारी छोटी नळी) किंवा पेडल परत वर आणणारी रिटर्न स्प्रिंग बघा. बुश काढल्यावर काळी भुकटी निघाली, भोक लांबट झालेलं दिसलं, तर नवीनच टाका. नुसतं ग्रीस लावलं तर आवाज पुन्हा येणार. बुश धड असेल तर जागा पुसून पांढरं लिथियम किंवा सिलिकॉन ग्रीस लावा. गंज सोडवायचा स्प्रे मारून तात्पुरती शांतता मिळते खरी, पण तो उडून जातो आणि उरलंसुरलं ग्रीसही धुऊन नेतो.

केबल सोडल्यावर पेडल गप्प झालं, तर केबल किंवा गिअरबॉक्सजवळचा फोर्क संशयित. केबलच्या टोकाशी तारेचा एखादा धागा तुटून उभा राहिला असेल तर ती बदलाच. फोर्कच्या खोबणीत मात्र ग्रीस अगदी बेताने लावा, प्लेटवर गेलं तर क्लच घसरू लागतो.

इंजिन चालू असताना पेडल दाबल्यावरच घरघर येत असेल, तर रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर फोर्क ज्याला पुढे ढकलतो ते बेअरिंग. उलट, न्यूट्रलमध्ये पेडल सोडल्यावर घरघर येते आणि दाबल्यावर थांबते, तेव्हा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं (इंजिनाची ताकद क्लचमार्फत आत नेणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग. या दोन्हींसाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो.

केबल बसवताना पेडलला थोडा फ्री प्ले (क्लचवर जोर येण्याआधी पेडल मोकळं हलतं ते अंतर) ठेवा, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. तो शून्य झाला तर रिलीज बेअरिंग सतत दाबलेलं राहून लवकर झिजतं.