टायटॅनियमचा व्हील बोल्ट घेताना: ग्रेड २ आणि ग्रेड ५

ग्रेड २ आणि ग्रेड ५ टायटॅनियमचे बोल्ट शेजारी ठेवले तर डोळ्यांना फरक कळत नाही. चुंबक दोघांनाही चिकटत नाही. ग्राइंडरला लावले तर दोन्हींच्या ठिणग्या पांढऱ्याशुभ्र. वजनावरूनही पत्ता लागत नाही, कारण घनता ४.५१ आणि ४.४३, म्हणजे फरक दोन टक्क्यांच्या आत. निळी, जांभळी, सोनेरी झाकही दोन्हींवर सारखीच चढते. अॅनोडायझिंगचा व्होल्टेज बदलला की ऑक्साइडच्या थराची जाडी बदलते आणि तशी झाक बदलते. तरीही यातला एक पोर्शच्या चाकाला चालतो, आणि दुसरा मी कुठल्याच गाडीच्या चाकाला लावू देणार नाही.

ग्रेड २ म्हणजे जवळजवळ शुद्ध टायटॅनियम. ते गंजत नाही, सहज वाकतं, म्हणून केमिकल प्लँटच्या पाइपांना आणि हीट एक्स्चेंजरला उत्तम. ग्रेड ५ मध्ये साधारण ६ टक्के अॅल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असतं. विमानांच्या भागांना वापरतात ते हेच.

गोंधळ आकड्यापासूनच सुरू होतो. स्टीलच्या बोल्टवर ८.८, १०.९ लिहिलेलं असतं आणि त्यातून ताकद कळते. टायटॅनियमच्या ग्रेडचं तसं नाही, ते नुसते अनुक्रमांक आहेत. ग्रेड ७ हे ग्रेड २ मध्येच थोडं पॅलेडियम घालून होतं, त्यामुळे ताकदीत ते ग्रेड ५ च्या जवळपासही पोचत नाही. विकणारा नुसतं ‘हाय ग्रेड टायटॅनियम’ म्हणाला तर त्यातून काहीच समजत नाही.

आता हिशेब करून पाहू. पोर्श ९११ च्या ९९७ पिढीत व्हील बोल्ट एम१४ (म्हणजे १४ मिलिमीटर व्यासाचा), पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, दीड मिलिमीटर, आणि टॉर्क १३० न्यूटन-मीटर. नेहमीचं घर्षण धरलं तर बोल्टमध्ये साधारण ४६ किलोन्यूटन ओढ तयार होते. आट्यांचं क्षेत्रफळ १२५ चौरस मिलिमीटर, म्हणजे ताण ३७० मेगापास्कलच्या पुढे. ग्रेड २ चा किमान यील्ड, म्हणजे कायमचा ताणला जाण्याची मर्यादा, २७५. यील्ड ओलांडला की बोल्ट लांबतो तो लांबतोच, परत मूळ मापावर येत नाही. म्हणजे गाडी जॅकवरून खाली यायच्या आधीच तो बोल्ट गेलेला असू शकतो, आणि टॉर्क रेंचने मात्र ‘टक’ केलेलं असतं. ग्रेड ५ चा किमान यील्ड ८२८. तिथे आपण निम्म्याच्याही खाली राहतो, आणि ब्रेकिंग, खड्डे, वळणं यांसाठी पुरेशी शिल्लक उरते.

कोल्हापुरात हे जास्त कळकळीने सांगावंसं वाटतं, कारण इथे हात तयार आहेत. उद्यमनगरात नमुना दाखवला की लेथवर हुबेहूब बोल्ट उतरवून देणारे कारागीर आहेत, आणि मापात ते तसूभर चुकत नाहीत. प्रश्न बारचा, म्हणजे ज्या सळईतून बोल्ट उतरवतात तिचा आहे. भंगारातून किंवा उरलेल्या मालातून आलेला टायटॅनियमचा बार बहुतेकदा कुठल्या ग्रेडचा, हे आणणाऱ्यालाही माहीत नसतं. शिवाय लेथवर आटे कापले जातात, आणि चाकाच्या बोल्टला रोल केलेले, म्हणजे धातू न कापता दाबून उठवलेले आटे हवेत. कापलेल्या आट्याच्या मुळाशी सतत बदलणाऱ्या ताणाने तडा लवकर जातो. त्यामुळे बार ग्रेड ५ चा असला तरी व्हील बोल्ट मी लेथवर करून घेणार नाही. कारागिरावर अविश्वास म्हणून नव्हे. हे कामच लेथचं नाही.

तपासणी मात्र इथेच उत्तम होते. सेटबरोबर एक बोल्ट जादा मागवा आणि शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एखाद्या हीट ट्रीटमेंटवाल्याकडे तो कडकपणा मोजणाऱ्या रॉकवेल मशीनवर ठेवा. ग्रेड ५ सी स्केलवर ३३ ते ३६ च्या आसपास दाखवतं. ग्रेड २ इतकं मऊ की सी स्केलवर धड वाचनच मिळत नाही, ते बी स्केलवर ८० च्या आसपास येतं. इतका ढळढळीत फरक असल्यावर वाद राहत नाही. फाउंड्रीतला स्पेक्ट्रो, म्हणजे धातूतले घटक सांगणारं यंत्र, मात्र बहुधा लोखंडासाठी लावलेला असतो, टायटॅनियमचा प्रोग्रॅम नसेल तर त्याचे आकडे धरू नका. हातात धरायची एक्स-रे गन मिळाली तर ती व्हॅनेडियम लगेच दाखवते. कागदावर एएसटीएम बी३४८ (टायटॅनियमच्या बारचं मानक), ग्रेड ५ आणि हीट नंबर (धातू कुठल्या घाण्यातला ते सांगणारा) असलेलं टेस्ट सर्टिफिकेट मागाच.

ग्रेड ५ म्हणजे १०.९ स्टीलपेक्षा भक्कम, असंही समजू नका. त्याची किमान ताणशक्ती ८९५ मेगापास्कल, तर १०.९ ची १०४०. फायदा वजनाचा आहे: तेवढ्याच आकारात साधारण ४४ टक्के कमी. स्टीलचा बोल्ट १०० ग्रॅमचा धरला तर वीस बोल्टांत बचत साधारण ८८० ग्रॅम. तेही चाकाच्या मध्याजवळ, त्यामुळे गाडी त्याने पळायला लागत नाही. हौस म्हणून घ्या, हौस वाईट नाही.

बोल्टचं डोकं चाकाच्या भोकात जिथे टेकतं, तो बसायचा आकार गाडीप्रमाणेच घ्या: पोर्शला गोल, बीएमडब्ल्यूला साठ अंशांचा शंकू. टायटॅनियमचे आटे कोरडे आवळले तर घासून एकमेकांत अडकून धरतात, म्हणून बोल्ट बनवणाऱ्याने सांगितलेलीच पेस्ट लावा आणि टॉर्कही त्यानेच दिलेला. पेस्ट लावून जुनाच टॉर्क दिला तर ओढ एक तृतीयांशाने वाढू शकते.

नवे बोल्ट लावून कऱ्हाडपर्यंत जाऊन आलात की चाकं थंड होऊ द्या आणि टॉर्क पुन्हा तपासा. पहिल्या वेळी किंचित फिरला तर चालेल. दुसऱ्या, तिसऱ्या तपासणीतही फिरतच राहिला तर तो बोल्ट काढा आणि त्या जादा बोल्टाशेजारी ठेवून व्हर्नियरने लांबी मोजा. लांबी वाढलेली दिसली तर पूर्ण सेट उतरवून कंपनीचे स्टीलचे बोल्ट परत लावा.