गेम कन्सोलची विक्री : किंमत, क्षमता आणि कंट्रोलर

टीव्हीला जोडून खेळायच्या गेम कन्सोलचा खप मुख्यतः त्याची किंमत, यंत्राची ताकद आणि खेळणाऱ्याच्या हातातला कंट्रोलर यांवर ठरतो; मात्र या तिन्हींचे वजन सारखे नसते. सर्वांत ताकदवान कन्सोलच सर्वाधिक खपतो, हा समज विक्रीच्या आकड्यांनी वारंवार खोटा ठरवला आहे. सोनीचा प्लेस्टेशन २ (२०००) हा २००१ मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स आणि निन्टेन्डोच्या गेमक्यूब यांच्यापेक्षा क्षमतेने उणा होता, तरीही तो १५ कोटींहून अधिक खपला. त्या दोघांची एकत्रित विक्री ५ कोटींपर्यंतही पोहोचली नाही. गेमचा मोठा साठा आणि त्याच यंत्रावर डीव्हीडी पाहण्याची सोय, या गोष्टी ग्राहकाला अधिक मोलाच्या वाटल्या.

कंट्रोलरचे सामर्थ्य सर्वांत ठळकपणे दिसले ते निन्टेन्डोच्या वी या कन्सोलमध्ये. २००६ मध्ये तो अमेरिकेत सुमारे २५० डॉलरला मिळू लागला, तेव्हा प्लेस्टेशन ३ साठी ५०० किंवा ६०० डॉलर मोजावे लागत. वीचे चित्र एचडी दर्जाचे नव्हते. पण हातातला रिमोट रॅकेटसारखा फिरवला की पडद्यावर टेनिसचा फटका बसे, त्यामुळे बटणांची सवय नसलेली वडीलधारी मंडळीही खेळायला उभी राहिली. वी १० कोटींवर विकला गेला. नावीन्य दरवेळी फळतेच असे नाही. कंट्रोलरमध्येच छोटा पडदा असलेल्या, वीनंतरच्या वी यू या कन्सोलचा (२०१२) उपयोग ग्राहकांना नीट उमगला नाही आणि त्याची विक्री सुमारे १.३६ कोटींवर थांबली. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स वनसोबत कायनेक्ट, म्हणजे खेळणाऱ्याच्या हालचाली टिपणारा कॅमेरा, घेणे सक्तीचे असल्याने तो २०१३ मध्ये प्लेस्टेशन ४ पेक्षा १०० डॉलरने महाग पडला. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टला ती सक्ती मागे घ्यावी लागली.

खानदेशात, म्हणजे जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांत, किमतीचा प्रश्न इतर दोन्हींच्या आधी येतो. येथील अनेक घरांत पहिला ‘व्हिडिओ गेम’ आला तो निन्टेन्डोच्या जुन्या यंत्राची स्वस्त नक्कल म्हणून, सोबत पिवळी कॅसेट, दोन रिमोट आणि बंदूक घेऊन. ही बंदूक पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवरच नेम ओळखत असे. सपाट टीव्ही आले आणि ती निकामी झाली. प्लेस्टेशन ५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० रुपयांना आला. केळी-कापसाच्या हंगामावर घरखर्च बेतणाऱ्या रावेर-यावलकडच्या कुटुंबाला एवढ्या पैशांत घरातल्या दोघा-तिघांचे मोबाइल घेता येतात, आणि मोबाइलवर गेमखेरीज बाजारभाव, अभ्यास, पैशांचे व्यवहारही होतात. त्यामुळे तासावर पैसे घेणारे गेम पार्लर, वापरलेला जुना कन्सोल किंवा मोबाइल हेच येथील परवडणारे मार्ग ठरतात. पार्लरचालकाला तर प्रत्येक टीव्हीमागे किमान दोन कंट्रोलर लागतात, आणि प्लेस्टेशन ५ चा सुटा कंट्रोलर त्या वेळी ५,९९० रुपयांचा होता.