बंदूक दुरुस्तीला देण्याआधी एवढं वाचा

ग्राहकांसाठी माहितीपत्रक, लष्कर भाग, ग्वाल्हेर

नवरात्र जवळ आलं की आमच्याकडे दोन मागण्या हमखास येतात. एक, "चकाचक करून द्या, खंडेनवमीला पूजेत मांडायची आहे." दुसरी, "नळी जरा कमी करून द्या, गाडीत मावत नाही." पहिलं काम आम्ही आनंदाने करतो. दुसरं करत नाही, आणि का करत नाही ते पुढे दिलं आहे. काउंटरवर तेच तेच बोलण्यात आमचा वेळ जातो आणि मागे उभ्या असलेल्या ग्राहकाचाही, म्हणून हे पत्रक छापलं. बंदूक कशी चालवायची हे ग्वाल्हेर-भिंड-मुरैना पट्ट्यात कोणाला सांगायला जाणं म्हणजे आगाऊपणा. पण ती दुरुस्तीला कोणाच्या हातात द्यायची, इथे मात्र अजून पुष्कळांचं चुकतं.

आधी भिंतीवरचं लायसन्स वाचा

शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ५ मध्ये विक्री, दुरुस्ती, बदल, चाचणी ही कामं वेगवेगळी मोजली आहेत आणि त्यांना लायसन्स लागतं. काडतुसं विकणाऱ्या प्रत्येक दुकानाला नळीला हात लावायची मुभा असतेच असं नाही. तेव्हा कुठल्याही दुकानात, आमच्याही, गेल्यावर भिंतीवरचा कागद वाचायला संकोच करू नका. दुरुस्तीचा उल्लेख आहे का, मुदत चालू आहे का, पत्ता त्याच जागेचा आहे का. "घरी येऊन करून देतो" म्हणणाऱ्या मिस्त्रीचा हात कितीही चांगला असो, त्याच्याकडे लायसन्स असलं तरी त्यावर तुमच्या घराचा पत्ता नसतो.

बंदूक ठेवून घेताना दुकानदाराने रजिस्टरमध्ये बनवणाऱ्याचं नाव, बोअर (नळीचं माप), नंबर आणि तुमचा लायसन्स नंबर लिहायला हवा आणि पावती द्यायला हवी. "अहो, आपल्यात कसली पावती" असं उत्तर आलं तर बंदूक उचला आणि निघा. उद्या ठाण्यातून विचारणा झाली तर तुमची बंदूक कुठे आहे हे दाखवायला तेवढा एकच कागद तुमच्या हातात असतो. आणि जो मिस्त्री कुठल्याच कामाला नाही म्हणत नाही, त्याच्यापासून जरा जपूनच.

चकाकी हवी, पण नंबर घालवून नको

आता ज्या गोष्टीने आमचा आणि तुमचा सगळ्यात जास्त वेळ जातो ती.

आमच्याकडे दुनळीच्या पॉलिशला आठवडे लागतात हे ऐकलं की काही जण बंदूक बफवाल्याकडे नाहीतर लेथवाल्याकडे नेतात. तो एका दुपारी तोंड दिसेल इतकी चमकवून देतो, पैसेही थोडे घेतो. मग चाप अडकतो किंवा कमान ढिली वाटते म्हणून तीच बंदूक आमच्याकडे येते. आम्ही लायसन्स उघडून नंबर जुळवायला जातो, तर नंबर गुळगुळीत झालेला. बफला गंज कुठला आणि कोरलेला आकडा कुठला हे कळत नाही, तो दोन्ही सारखेच उतरवतो.

अशाच एका दुनळीवर बनवणाऱ्याचं नाव तिरप्या उजेडात जेमतेम वाचता येत होतं. नंबराचा शेवटचा आकडा ३ की ८ हे भिंगाखाली धरूनही ठरेना. लायसन्सवर ८ होता. मालक म्हणाले, "आठच आहे हो, मला तोंडपाठ आहे." असेलही. पण रजिस्टरमध्ये आम्ही डोळ्यांना दिसतं ते लिहितो, मालकाला आठवतं ते नाही.

हा आमचा हटवादीपणा नाही. कलम ८ नुसार बंदुकीवरचा नंबर किंवा ओळखखूण घालवणं, बदलणं हा गुन्हा आहे. आणि खूण घालवलेली बंदूक ज्याच्या ताब्यात सापडेल त्यानेच ती घालवली असं गृहीत धरलं जातं. तसं नाही हे सिद्ध करायचं काम त्याच्यावरच पडतं. बफवाला बाजूला राहतो आणि उत्तर तुम्हाला द्यावं लागतं. आम्ही बंदूक ठेवून घेतली तर आम्हालाही. म्हणून नंबर न वाचता येणारी बंदूक आम्ही आत घेत नाही. तीन पिढ्यांची ओळख असली तरी घेत नाही, आणि त्यावर रुसू नये ही विनंती.

मग करायचं काय? लायसन्स देणाऱ्या अधिकाऱ्याला, म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या शस्त्र शाखेला, लेखी कळवायचं. खरेदीची जुनी पावती, लायसन्सवरच्या नोंदी, असतील ते कागद जोडायचे आणि तिथून सांगतील तसं करायचं. यात दसरा जातो, बऱ्याचदा दिवाळीही जाते. एका दुपारच्या चकाकीची ही किंमत.

हे टाळणं सोपं आहे. जुन्या दुनळीवर नंबर बहुधा एकापेक्षा जास्त ठिकाणी असतो: नळ्यांच्या खालच्या सपाट भागावर, खटक्याच्या बाजूला, चापाच्या कडीवर. घरी निवांत बसून, काडतूस नाही याची खात्री करून, नळ्या उतरवा आणि हे आकडे लायसन्सशी ताडून बघा. कुठे नंबर पुसट झाला असेल तर कोणीही हात लावण्याआधी आम्हाला दाखवा. गंज उतरवताना आम्ही नंबराच्या आसपासचा भाग मशिनवर धरतच नाही, तेवढं काम हाताने होतं.

वेळ का लागतो तेही सांगतो, कारण "इतके दिवस कशाला" हा प्रश्न रोजचा आहे. दुनळीच्या दोन नळ्या आणि मधली पट्टी बहुधा कथलाच्या डाखाने जोडलेल्या असतात. कारखान्यात वापरतात तशा उकळत्या कॉस्टिकच्या टाकीत ती बुडवली की काळा रंग झटपट चढतो, पण डाख खाल्ला जातो आणि पट्टीखाली अडकलेलं रसायन आतून गंज धरत राहतं. वर्षा-दोन वर्षांनी पट्टी उचलली की ग्राहक म्हणतो बंदूकच हलकी होती. आम्ही दुनळीला सावकाश गंज चढवतो, पाण्यात उकळतो, घासतो, आणि हवा तो रंग येईपर्यंत हेच पुन्हा पुन्हा करतो. खंडेनवमीला बंदूक हवी असेल तर पितृपक्षात नाही, गणपतीच्या आधी आणा.

"नळी थोडी कमी करून द्या"

कलम ६ प्रमाणे वेगळ्या लायसन्सशिवाय नळी आखूड करता येत नाही. थोडी असो की जास्त. २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर या गुन्ह्याला किमान ७ वर्षं ते जन्मठेप एवढी शिक्षा आहे. शिवाय २० इंचांपेक्षा आखूड नळीची बंदूक साध्या बारा बोअरच्या वर्गात राहतच नाही, नियमांत ती वेगळ्या आणि कडक वर्गात जाते. तुमचं आत्ताचं लायसन्स तिला लागू पडत नाही. हे ऐकूनही कोणी हॅकसॉ काढत असेल तर तो तुमचा हितचिंतक नव्हे.

गाडीत न मावण्यावर उपाय आहे. दुनळी तीन भागांत सुटते: पुढची लाकडी मूठ, नळ्या, आणि दस्ता, म्हणजे खांद्याला टेकतो तो मागचा भाग. तशी उतरवून ठेवायची पेटी आमच्याकडे मिळते. नळीचं तोंड चेपलं असेल तर ते कापायची घाई नको. आतून ठोकळा घालून गोल करता येतं का ते आम्ही आधी बघतो, बहुतेकदा येतं.

दस्त्याची गोष्ट वेगळी. कलम ६ नळीबद्दल बोलतं. हात आखूड असलेल्या माणसाला दस्ता लांब पडतो आणि नेम चुकतो, अशा वेळी दस्ता मापाने कमी करून मागे रबरी पॅड बसवणं हे आमचं नेहमीचं काम आहे. त्यासाठी स्वतः या. मुलगा तुमच्याच उंचीचा आहे म्हणून त्याच्यावर माप घेतलेला दस्ता तुमच्या खांद्याला बसत नाही.

चोक, चेंबर आणि आजोबांची बंदूक

शिकारीला वन्यजीव कायद्याने बंदी आहे. आता चोकबद्दल विचारणारे बहुतेक नेमबाजीच्या रेंजवर जाणारे असतात, आणि काही घराच्या राखणीसाठी बंदूक ठेवणारे. राखणीवाल्यांना चोकमध्ये काही बदलायची गरज नाही, तो खर्च वाचवा.

रेंजवाल्यांसाठी: चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी ठेवलेला किंचित आवळपणा. बारा बोअरची नळी आतून साधारण १८.५ मिलिमीटर असते, फुल चोकमध्ये तोंडाशी ती सुमारे १ मिलिमीटरने आवळलेली असते. ४० यार्डांवर ३० इंची वर्तुळात फुल चोकचे साधारण ७० टक्के छर्रे पडतात, चोक नसलेल्या नळीचे ४० टक्के. आवळलेली नळी आम्ही मोकळी करू शकतो, पण काढलेलं लोखंड परत लावता येत नाही. म्हणून आधी रेंजवर, नेहमीच्याच काडतुसाने, मोठ्या कागदावर दोन्ही नळ्या वेगवेगळ्या मारून बघा आणि ते कागद घेऊन या. दुनळीच्या दोन नळ्यांचा चोक बहुधा सारखा नसतोच. अर्ध्या लोकांची तक्रार त्या कागदावरच मिटते. स्क्रूचे बदलते चोक हवे असतील तर नळीची जाडी मोजावी लागते; पातळ जुन्या नळीला आम्ही आटे पाडत नाही.

चेंबरचं, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेचं, मात्र लक्षपूर्वक वाचा. जुन्या विलायती दुनळ्यांचं चेंबर बऱ्याचदा ६५ मिलिमीटरचं असतं आणि आजची पुष्कळ काडतुसं ७० ची असतात. काडतुसावरचं माप उडल्यानंतर तोंड उघडलेल्या केसचं, म्हणजे बाहेरच्या नळकांड्याचं असतं. न उडालेलं ७० चं काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये सहज बसतं, बंदूक बंदही होते, म्हणून सगळं ठीक वाटतं. उडताना मात्र केसचं तोंड उघडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. खडकीच्या कारखान्याची काडतुसं असोत की परदेशी, खोक्यावरचं माप वाचा. चेंबर किती आहे हे आम्ही मोजून सांगतो, त्याचे पैसे घेत नाही.

नळीवर पिळासारखी नक्षी उठून दिसत असेल तर ती दमास्कस नळी. पट्ट्या गुंडाळून, तापवून जोडलेली. आजच्या बिनधुराच्या दारूसाठी ती केलेली नाही. अशी बंदूक आम्ही साफ करून, तेल देऊन, शोभा आणून देतो. उडवण्यालायक करून देत नाही. पूजेत ती फार सुंदर दिसते.

लायसन्सधारक वारले असतील तर बंदूक दुरुस्तीला आणू नका. आधी पोलीस ठाण्यात किंवा लायसन्स असलेल्या दुकानात जमा करा, मग वारसाने आपल्या नावाचा अर्ज करायचा. जमा करून घ्यायची सोय आमच्याकडे आहे.

बंदूक घेऊन येताना

मूळ लायसन्स हवं. मोबाइलमधला फोटो आणि झेरॉक्स चालत नाही, आणि "कलेक्टोरेटमध्ये रिन्यूअलला दिलंय" असेल तर तिथली पावती आणा. काडतुसं घरी ठेवा. दुकानात बंदूक उघडून, दोन्ही नळ्या रिकाम्या दाखवूनच काउंटरवर ठेवायची. बंदूक हातात आल्यावर आम्हीही तेच पुन्हा बघतो. ज्येष्ठ मंडळींनी यात अविश्वास मानू नये.

ड्रायव्हर किंवा पुतण्याच्या हाती पाठवायची असेल तर कायद्यात त्याला वाट आहे. कलम ३ मध्ये लायसन्सधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर दुसऱ्याला दुरुस्तीसाठी बंदूक नेता येते. म्हणजे पत्र हवं, फोनवरून "मी सांगतो ना, घ्या त्याच्याकडून" नको. पत्रात बंदुकीचा नंबर, नेणाऱ्याचं नाव, कामाचं कारण आणि तुमची सही एवढं असलं तरी पुरे. नमुना काउंटरवर ठेवला आहे. बंदूक परत देतानाही हेच पत्र लागतं.

पावसाळ्यात बंदूक चामड्याच्या कव्हरमध्ये बंद करून ठेवू नका, ओल आत धरते. नळी साफ करताना चिंधी आत राहिली आणि तशीच उडवली तर नळी फुगते. फुगलेली नळी आम्ही सरळ करत नाही, कोणीच करू नये.

लग्नाच्या वरातीत उडवून खराब झालेली बंदूक आणली तर काम करू, पण हर्षफायरवर २०१९ पासून २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं हेही ऐकवू.

आमचे दर थोडे जास्त वाटतील. त्यात हातकाम आहे, रजिस्टर आहे, आणि काम झाल्यावर नंबर जागेवर असल्याची खात्री आहे. बघून अंदाज सांगायचे पैसे नाहीत. निवडणुकीची आचारसंहिता लागली की जमा होणाऱ्या बंदुकांमुळे दुरुस्तीची कामं मागे पडतात, त्या काळात कृपया तारीख विचारायला रोज फोन करू नका. काम झालं की आम्हीच कळवतो.