पार्श्वभूमी : चिनी अक्षरांच्या रेघा कुणी कापल्या?

चीनमध्ये सुलेखनाचा विषय निघाला की चर्चा फिरून फिरून १९५६ वर येते. त्या वर्षी जानेवारीत सरकारने अक्षरं सोपी करण्याची योजना जाहीर केली. त्यात ५१५ अक्षरं आणि ५४ घटक-आकार (अनेक अक्षरांत पुन्हा पुन्हा येणारे भाग) आटोपशीर केले होते. १९६४ च्या यादीत सोप्या अक्षरांची संख्या २,२०० च्या पुढे गेली. तेव्हापासूनचा आरोप असा, की सरकारने लिपी छाटली आणि सुलेखनकलेचा गळा घोटला. छाटणी झाली हे खरं. कलेबद्दलचं म्हणणं मात्र कागदपत्रांपुढे टिकत नाही.

जुना इतिहास थोडक्यात. चीनमधल्या आन्यांगला सापडलेल्या, सुमारे ३,२०० वर्षांपूर्वीच्या हाडांवरची आणि कासवाच्या कवचांवरची अक्षरं. मग इ.स.पू. २२१ मध्ये साम्राज्य एक झाल्यावर प्रमाण ठरलेली, आजही शिक्क्यांवर दिसणारी मुद्रालिपी. हान घराण्याच्या काळात (इ.स.पू. २०६ ते इ.स. २२०) कारकुनांच्या हाताखाली चपटी झालेली लिपी. आणि तांग घराण्याच्या काळापर्यंत (इ.स. ६१८ ते ९०७) पक्की झालेली चौकोनी प्रमाणलिपी. याच्या जोडीने हान काळापासूनच एक धावती लिपीही होती. मोडीत बोरू न उचलता हात पुढे सरकतो, तसा तिच्यात कुंचला सरकतो आणि चार-पाच रेघांची मिळून एक वळणदार रेघ होते.

१९५६ च्या योजनेतली बरीच अक्षरं या धावत्या लिपीतूनच उचलली होती. ‘पुस्तक’ हे अक्षर दहा रेघांचं होतं, ते चार रेघांचं झालं. ‘घोडा’ दहावरून तीनवर आला, ‘पूर्व’ आठवरून पाचवर. हे आकार कुणा नोकरशहाने टेबलावर बसून काढलेले नव्हते, सुलेखनकार ते शतकानुशतके लिहीत होते. ‘ढग’ या अक्षरावरचा पावसाचा भाग काढला, तेव्हा तर ते मूळ रूपाकडेच परत गेलं. पाऊस त्याच्या डोक्यावर नंतर बसवलेला होता.

मग सुलेखनकारांची तक्रार काय? धावत्या लिपीतलं वळण उचलून योजना आखणाऱ्या समितीने ते प्रमाणलिपीच्या ताठ, तुटक रेघांत बसवलं. कुंचल्याचा वेग गेला आणि सांगाडा राहिला. ‘कारखाना’ हे अक्षर घ्या. आधी पंधरा रेघा होत्या, आता दोन : वर एक आडवी आणि डावीकडे खाली उतरणारी एक तिरकी. सरावाच्या चौकटीत ते लिहिताना सगळं पोट रिकामं राहतं आणि तोल कशाच्या आधारावर सांभाळायचा हेच कळत नाही. ही तक्रार रास्त आहे. दुसरीही रास्त आहे : काही वेगळी अक्षरं एकात मिसळली गेली. ‘सम्राज्ञी’ आणि ‘नंतर’ यांना आता एकच अक्षर, ‘केस’ आणि ‘पाठवणे’ यांनाही एकच. त्यामुळे सोप्यातून जुन्यात रूपांतर करताना केशकर्तनालयाच्या पाटीवर चुकीचं ‘पाठवणे’ येऊन बसतं.

या निर्णयाला फक्त कम्युनिस्ट खूळ ठरवणाऱ्यांनी १९३५ आठवावं. त्या वर्षी ऑगस्टमध्ये तेव्हा सत्तेवर असलेल्या राष्ट्रवादी पक्षाच्या (कुओमिन्तांग) सरकारनेच ३२४ सोपी अक्षरं जाहीर केली होती. पक्षातल्याच ज्येष्ठांनी विरोध केला आणि काही महिन्यांत, १९३६ च्या सुरुवातीला, ती मागे घेतली गेली. पुढे कम्युनिस्टांकडून हरून तैवानला गेलेला तोच पक्ष तिथे जुन्या अक्षरांचा राखणदार झाला. दुसऱ्या बाजूलाही सोयीचं विस्मरण आहे. सोप्या अक्षरांमुळे साक्षरता वाढली असं बीजिंग सांगतं, पण जुनीच अक्षरं शिकवणाऱ्या तैवान आणि हाँगकाँगमध्येही साक्षरता वाढलीच. शाळा काढल्या की मुलं वाचायला शिकतात, पंधरा रेघा असोत की दोन.

शिवाय १९५० च्या दशकात अक्षरं सोपी करणं हा मधला टप्पा मानला जात होता. पुढे रोमन लिपीच आणायची असा विचार होता. १९५८ मध्ये मंजूर झालेली पिनयिन, म्हणजे चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहिण्याची पद्धत, त्याच वातावरणातली. लिपीच बदलायची असेल तर सुलेखनाची फिकीर कोण करतो! हा रोमनचा बेत मागे पडला आणि पिनयिन उच्चार शिकवण्यापुरती राहिली. आज बहुतेक लोक पिनयिन टंकूनच अक्षर निवडतात. फोनवर पंधरा रेघांनाही तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे सोपेपणाचा मूळ युक्तिवादच ढिला पडला आहे.

डिसेंबर १९७७ मध्ये छाटणीची दुसरी फेरी आली आणि ती मात्र खरोखर फसली. अक्षरं इतकी सोलली गेली की वाचणाऱ्याला ओळखू येईनात. काही महिन्यांतच पाठ्यपुस्तकांतून ती काढली गेली आणि १९८६ मध्ये योजना अधिकृतपणे रद्द झाली. तिचे अवशेष अजून सापडतात : भाजीबाजारात पुठ्ठ्यावर खडूने लिहिलेल्या भावात ‘अंडं’ कधीकधी त्याच फेरीतल्या रूपात दिसतं.

सुलेखनाला सूट आहे, हे या वादात फारसं कुणी सांगत नाही. १ जानेवारी २००१ पासून लागू झालेल्या भाषाविषयक कायद्यात सोपी अक्षरं प्रमाण ठरवली आहेत, पण सुलेखन, मुद्राकोरीव काम आणि हाताने लिहिलेल्या पाट्या यांत जुनी अक्षरं चालतात. सत्ताधारी पक्षाच्या मुखपत्राचं शीर्षकच हस्ताक्षरात आहे आणि त्यातलं शेवटचं अक्षर जुन्या रूपातलं आहे. २००९ मध्ये चिनी सुलेखन युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेलं, तेही या दोन्ही रूपांच्या सहवासातूनच.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एक नवा मसुदा आला. ४४ अक्षरांच्या छापील रूपात किरकोळ फेरफार सुचवले होते. उदाहरणार्थ, ‘चहा’ आणि ‘नवा’ यांच्या तळाशी उभ्या रेघेला असलेला बारीकसा आकडा काढायचा होता. रेघांची संख्या बदलणार नव्हती. तरीही लोक इतके खवळले, की २०१३ मध्ये ८,१०५ अक्षरांची प्रमाण यादी निघाली तेव्हा त्यात हे फेरफार नव्हते.